छताचा खर्च: तीन मिस्त्री, तीन आकडे आणि तीन वेगळी कामं

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. निलंगा तालुक्यात वडिलोपार्जित घर आहे, बाहेरून ३० बाय २० फूट. दगड-मातीच्या दोन फुटी भिंती, मधे एक आडवी भिंत, वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं जाड छत. ते दोन पावसाळे गळतंय आणि एक तुळई वाकली आहे. आई तिथेच राहते. हाताशी चार लाख रुपये आहेत. एका मिस्त्रीने पत्र्याचे १ लाख ८० हजार सांगितले, दुसऱ्याने स्लॅबचे अडीच लाख आणि तिसऱ्याने स्लॅबचेच साडेपाच लाख. यातला कोण फसवतोय आणि छताचा चौरस फुटाला खरा भाव काय, असं तुम्ही विचारलंय.

मी लातूर-धाराशिव पट्ट्यात घरबांधणीची कामं करणारा सिव्हिल इंजिनिअर आहे. तुमच्यासारखी जुनी घरं आमच्याकडे सतत येतात. माझ्या अंदाजाने तिघांपैकी कोणीही फसवत नाही. तिघांनी तीन वेगळ्या कामांचे आकडे दिलेत. पहिल्याने फक्त सांगाडा आणि पत्रा मोजला. दुसऱ्याने आहे त्या भिंतींवर स्लॅब टाकायचा हिशोब केला. तिसऱ्याने पाया, कॉलम, बीम, स्लॅब आणि वरचं वॉटरप्रूफिंग सगळं धरलं. तुमच्या हातात तीन भाव आले, पण कोणत्या कामाचे ते कागदावर नाही. त्यामुळे चौरस फुटाचा भाव विचारण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागेल: तुमच्या भिंती काय पेलू शकतात? छताच्या खर्चाचा मोठा भाग छताच्या खाली ठरतो.

काही गोष्टी घर बघितल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाहीत. भिंतीचा पाया किती खोल आहे, खाली काळी माती किती फुटांपर्यंत आहे आणि मुरूम कुठे लागतो, भिंतींना फुगवटा आला आहे का, कोपरे सुटले आहेत का, यावर आकडे लाख-दीड लाखाने हलतात. म्हणून खाली मी जे गणित मांडतोय त्यातली मापं तुम्ही दिलेली आहेत, पण दर मी हिशोबासाठी धरलेले आहेत. सिमेंटची गोणी ३६० रुपये, लोखंड किलोला ६२, वाळू ब्रासला (१०० घनफुटांना) ५,००० आणि खडी ब्रासला ४,००० असं मी धरतो. तुमच्या दुकानदाराचा आजचा भाव त्या जागी टाका. रीत तीच राहील, आकडा तुमचा निघेल. जुनं अंदाजपत्रक कोणी पुढे केलं तर त्याची तारीख बघा. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे त्याआधीचे सिमेंटचे दर तसेच उचलू नका.

आता भिंतींकडे येऊ. गावात एक युक्तिवाद हमखास ऐकायला मिळतो: "एवढं जड माळवद शंभर वर्षं पेललं, मग स्लॅब का नाही पेलणार?" वजनाच्या हिशोबाने यात तथ्य आहे. दीड फूट जाडीची माती चौरस फुटाला ६५ ते ७० किलो भरते. पाच इंची स्लॅब ३० किलोच्या आत आणि त्यावरच्या कोब्यासह (पाणी अडवणाऱ्या विटांच्या तुकड्यांच्या थरासह) ४५-५० किलो. म्हणजे स्लॅब माळवदापेक्षा हलकाच आहे. पण वजन कुठून खाली उतरतं हा प्रश्न राहतो. आपल्याकडच्या खणाच्या घरांत माळवदाचा भार अनेकदा भिंतीवर नसतोच. भिंतीलगत लाकडी खांब असतात, खांबांवर तुळया आणि तुळयांवर माती. भिंत नुसती आडोसा म्हणून उभी असते. तुम्ही लाकूड काढून भिंतीवर स्लॅब टाकलात, तर ज्या भिंतीने कधी भार घेतला नाही तिच्या डोक्यावर तो पहिल्यांदा येतो. म्हणून घरात जाऊन आधी बघा: खांब आहेत का, ते भिंतीत दडलेत का, आणि तुळई खांबावर टेकली आहे की थेट भिंतीत घुसवली आहे.

दुसरं, भिंत आतून कशी आहे? आपल्याकडची जुनी दगडी भिंत म्हणजे बाहेरून एक थर, आतून एक थर आणि मधे माती-दगडांचा भराव. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नसतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यातली बहुतेक अशाच भिंती फाटून आणि वरची माती अंगावर येऊन गेली. ज्या घरांत खांब-तुळयांचा सांगाडा नीट जोडलेला होता, तिथे भिंती पडूनही छत उभं राहिल्याची उदाहरणं त्या वेळी दिसली. त्याआधी हा भाग भूकंपाच्या सर्वात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये गणला जायचा. २००२ साली भूकंपाबाबतचं बांधकामाचं मानक बदललं तेव्हा तो झोन ३ मध्ये गेला. निलंग्यात राहणाऱ्याला हे मी सांगायची गरज नाही, तरीही छताचं अंदाजपत्रक करताना ते समोर ठेवावंच लागतं. आई ज्या छताखाली झोपते त्याचा हा हिशोब आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत: मातीत बांधलेल्या भिंतींवर थेट स्लॅब टाकू नका, मग तो अडीच लाखांत होवो की दोन लाखांत. स्लॅब हवा असेल तर त्याचा भार कॉलमवर आणि कॉलमचा भार मुरमापर्यंत गेलेल्या पायावर हवा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावर उथळ बसलेला पाया दरवर्षी थोडा हलतो. जुनं माळवद हे हलणं सहन करतं, कारण माती आणि लाकूड वाकतात. स्लॅब वाकत नाही, तडकतो.

स्लॅबचं माप काढू. तुम्ही ६०० चौरस फूट म्हणता, पण काँक्रीट ६०० वर थांबत नाही. चारही बाजूंनी दीड फूट छज्जा काढला की माप ३३ बाय २३, म्हणजे ७५९ चौरस फूट होतं. इथेच पहिल्यांदा मिस्त्री आणि मालक वेगवेगळा आकडा बोलायला लागतात. ७५९ चौरस फुटांवर पाच इंच जाडी म्हणजे ३१६ घनफूट, साधारण ९ घनमीटर. नऊ कॉलम धरले तर बीमची एकूण लांबी १५० फूट. ९ बाय १५ इंची बीम धरला, तर स्लॅबच्या खाली लोंबणारा त्याचा भाग ९४ घनफूट, म्हणजे अडीच घनमीटरच्या थोडं वर. सगळं मिळून पावणेबाराच्या आत, सांडलवंड धरून १२ घनमीटर.

एम-२० काँक्रीटला, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी एकास दीडास तीन या मिश्रणाला, घनमीटरमागे ८ गोण्या सिमेंट लागतं. १२ घनमीटरला ९६ गोण्या होतात, १०० आणा. वाळू पावणेदोन ते दोन ब्रास, खडी साडेतीन ते चार ब्रास. लोखंड स्लॅबला घनमीटरमागे ८० किलो आणि बीमला १३० किलो धरलं तर वाया जाणाऱ्यासह ११०० किलो. नक्की आकडा डिझाइनवर ठरतो, पण अंदाजपत्रकाला हा पुरेसा आहे. रुपयांत: सिमेंट ३६,०००, लोखंड ६८,०००, वाळू १०,०००, खडी १६,०००, बांधायची तार आणि कव्हर ब्लॉक (सळई तळापासून उचलून धरणारे ठोकळे) ३,०००. माल १ लाख ३३ हजारांचा झाला.

मजुरीत सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, सगळ्यात मोठं. सेंट्रिंगवाला स्लॅबच्या तळाचं माप घेतोच, बीमच्या दोन्ही बाजूही मोजतो, आणि ते बरोबर आहे. तुमच्या घराला हे माप हजार चौरस फुटांच्या आसपास जाईल. ४५ रुपयांनी ४५,००० झाले. लोखंड कापून-वाकवून बांधायचे १०,०००. मिक्सर, लिफ्ट, व्हायब्रेटर आणि ओतणाऱ्या माणसांचे १८,०००. मजुरी ७३ हजार. माल आणि मजुरी मिळून स्लॅब-बीमचे २ लाख ६ हजार. दुसऱ्या मिस्त्रीचे अडीच लाख कुठून आले ते आता कळलं असेल. त्याने आकडा फुगवलेला नाही, उलट खालचं सगळं सोडून दिलंय.

खालचं म्हणजे नऊ खड्डे, फूटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा पाया), कॉलम आणि जोत्याचा बीम. ४ बाय ४ फुटांची फूटिंग आणि ९ बाय १२ इंची कॉलम धरले तर आणखी १० घनमीटर काँक्रीट, म्हणजे ८० गोण्या सिमेंट आणि टनभर लोखंड. माल १ लाख १० हजार, खोदाई-सेंट्रिंग-मजुरी ६५ हजार, मिळून पावणेदोन लाख. मुरूम पाच फुटांवर लागला तर हे ठीक. काळी माती आठ-दहा फूट खोल असेल तर इथेच आकडा वाढतो. स्लॅबचा दर सगळीकडे साधारण सारखा असतो. दोन गावांतला फरक पायात असतो.

मग जुनं माळवद उतरवणं. दीड फूट माती ६०० चौरस फुटांवर म्हणजे ९०० घनफूट, ९ ब्रास, ४० टनांच्या आसपास. ती उतरवून गावाबाहेर नेईपर्यंत मी ३५ हजार धरतो. ही माती एका बाजूने उतरवू नका. भार एकीकडे राहिला की भिंत ढकलली जाते. थोडी थोडी, दोन्ही बाजूंनी सारखी काढा, लाकूड शेवटी उतरवा, आणि तोपर्यंत आईंना शेजारी किंवा नातेवाइकांकडे ठेवा. माळवदाची ही पांढरी माती शेतात टाकायला कोणी नेणार असेल तर वाहतूक वाचते. जुनं सागवान असेल तर त्याचा भाव दोन-तीन ठिकाणी विचारा आणि ती रक्कम अंदाजपत्रकात जमेच्या बाजूला लिहा. "माळवद फुकट उतरवतो, लाकूड मला द्या" असा सौदा पुष्कळ जण करतात. चांगल्या तुळयांची किंमत उतरवणीच्या मजुरीपेक्षा कितीतरी जास्त असू शकते, म्हणून मोजल्याशिवाय हो म्हणू नका.

वॉटरप्रूफिंग हा वेगळा खर्च आहे आणि तो जवळपास प्रत्येक तोंडी भावातून गळतो. नुसता स्लॅब म्हणजे छत नव्हे. पाण्याला उतार देऊन विटांच्या तुकड्यांचा कोबा करावा लागतो, कठड्याच्या कोपऱ्यांत गोलाई द्यावी लागते. ६०० चौरस फुटांना ३९ हजार धरा. कठडा ३० हजार. स्लॅबमधले वायरिंगचे पाइप आणि खालचं प्लास्टर ३० हजार. हे सगळं मिळवा: २ लाख ६ हजार, १ लाख ७५ हजार, ३५, ३९, ३० आणि ३० हजार. ५ लाख १५ हजार होतात. अडीअडचणीचे दहा टक्के धरले की साडेपाचच्या वर जातं. तिसरा मिस्त्री नेमकं हेच सांगत होता.

आता पत्र्याचं बघू, कारण तुमच्या चार लाखांत खरा विचार याचाच करायचा आहे. पत्र्यातही ६०० चौरस फूट हे माप कामाचं नाही. दोन्ही बाजूंना उतार, दीड फूट वळचण आणि आढ्यापासून खालपर्यंत अखंड १२ फुटी पत्रा धरा. साडेतीन फुटी पत्र्याची कामाची रुंदी एकावर एक येणारा भाग सोडून सव्वातीन फूट भरते. ३३ फुटांना एका बाजूला ११, दोन्ही बाजूंना २२ पत्रे. विकत घ्यायचं माप ९२४ चौरस फूट झालं, घराच्या मापाच्या दीडपट. अर्धा मिलिमीटर जाडीच्या रंगीत पत्र्याला ५० रुपये धरले तर ४६ हजार, आढ्याची टोपी आणि स्क्रू ७ हजार. कैच्या (छत पेलणाऱ्या तिकोनी चौकटी) आणि पर्लिन (पत्रा ज्यांवर बसतो ते आडवे पाइप) यांचा लोखंडी सांगाडा चौरस फुटाला दीड किलो धरला तर ११५० किलो, मजुरीसह किलोला १०० रुपयांनी १ लाख १५ हजार. एकूण १ लाख ६८ हजार. पहिल्या मिस्त्रीचे १ लाख ८० हजार इथे जुळतात.

पण त्यात जे नाही तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: भिंतींच्या डोक्यावरचा काँक्रीटचा पट्टा. माळवद गेलं की भिंतींना वरून धरून ठेवणारं काही उरत नाही. चारही भिंती आणि मधली भिंत यांच्यावरून सलग सहा इंची पट्टा फिरवायचा, त्यात १२ मिलिमीटरच्या चार सळया आणि रिंगा, कोपऱ्यात सळया वळवून एकमेकींत गुंतवायच्या, आणि कैचीचे बोल्ट याच पट्ट्यात ओतून टाकायचे. हा पट्टा भिंतींना एकत्र बांधतो आणि वादळात सांगाडा उडू देत नाही. तुमच्या घराला याची लांबी १०८ फूट, काँक्रीट ३ घनमीटर, २५ गोण्या सिमेंट, २०० किलो लोखंड. मजुरीसह ४८ हजार. पट्ट्यावर पैसे वाचवून पत्र्यावर दगड ठेवणारी घरं आपल्याकडे गावोगाव दिसतात. अवकाळीच्या वाऱ्यात पत्रा उचलला की तोच दगड घरात येतो. कृपा करून दगडांवर विसंबू नका.

उन्हाचं काय, हा पत्र्यावरचा रास्त आक्षेप आहे. मे महिन्यात पारा बेचाळिशी ओलांडतो तेव्हा नुसत्या पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, आणि वयस्कर माणसाला तर ते सोसणारच नाही. माळवदाखाली आयुष्य काढलेल्या आईंना हा फरक फार जाणवेल. म्हणून खाली सीलिंग धराच, आतल्या ३८४ चौरस फुटांना ८० रुपयांनी ३१ हजार. सीलिंग आणि पत्रा यांच्यामधली हवा बाहेर जायला दोन्ही टोकांच्या तिकोनी भिंतींत जाळी ठेवा. वरून पांढरा किंवा फिकट रंगाचाच पत्रा घ्या. गडद निळा-हिरवा दिसायला छान असला तरी जास्त तापतो. पावसाचा आवाजही सीलिंगमुळे कमी होतो. भिंतीच्या माथ्याची दुरुस्ती आणि पाण्याच्या पन्हळीला २० हजार, माळवद उतरवायचे ३५ हजार.

पत्र्याची बेरीज: १ लाख ६८ हजार, पट्टा ४८, उतरवणी ३५, सीलिंग ३१, दुरुस्ती २०. झाले ३ लाख २ हजार. इथे मी अडीअडचणीचे दहा नव्हे, पंधरा टक्के धरतो, कारण जुन्या भिंती राहणार आहेत आणि माथ्यावरची माती काढल्यावर आत काय निघेल ते आधी दिसत नाही. मिळून साडेतीन लाखांच्या आत. लाकडाचे काही आले तर ती जमा वेगळी.

म्हणजे इथपर्यंतचा हिशोब असा: पत्र्याचं पूर्ण काम साडेतीन लाखांपर्यंत, कॉलमसह स्लॅबचं पूर्ण काम साडेपाच लाखांच्या पुढे, आणि अडीच लाखांचा जुन्या भिंतींवरचा स्लॅब मी कोणालाही सुचवणार नाही. चार लाखांत तुमच्यासाठी पट्टा आणि सीलिंगसह पत्रा हेच मला योग्य वाटतं. स्लॅबची हौस असेल तर दीड-दोन लाख आणखी साठेपर्यंत थांबून तो नीट करा, पण वाकलेल्या तुळईखाली आणखी एक पावसाळा आईंना ठेवू नका. पुढे स्लॅब करायचाच असेल तर कैच्या बोल्टने जोडून घ्या. उद्या सांगाडा सुटा करून गोठ्याला किंवा शेतातल्या शेडला वापरता येईल, पैसे वाया जाणार नाहीत.

एक अट मात्र आहे. भिंती फुगल्या असतील, कोपऱ्यात उभी चीर वरपासून खालपर्यंत गेली असेल किंवा हाताने ठोकल्यावर बाहेरचा थर पोकळ वाजत असेल, तर पत्र्याचंही काम त्या भिंतींवर करू नका. निदान ती भिंत उतरवून, सिमेंटमध्ये आणि आरपार दगड घालून परत बांधावी लागेल. हे ठरवायला स्थानिक इंजिनिअरला एकदा घर दाखवा. त्याची फी या सगळ्या आकड्यांपुढे किरकोळ आहे.

मालाच्या खरेदीबद्दल थोडं, कारण अंदाजपत्रक बरोबर असूनही पैसे इथे गळतात. वाळू-खडीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली आली की टेप घेऊन लांबी, रुंदी आणि भरलेली उंची फुटांत मोजा, गुणा आणि शंभराने भागा. १० बाय ६ च्या ट्रॉलीत एक ब्रास व्हायला २० इंच उंची भरावी लागते. ओली वाळू फुगलेली असते, तिचं आकारमान पाव भागापर्यंत वाढू शकतं. म्हणून ओल्या वाळूचा ब्रास आणि कोरड्या वाळूचा ब्रास सारखा समजू नका. लिलाव बंद असले की नदीच्या वाळूचा भाव अव्वाच्या सव्वा होतो. अशा वेळी क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, चालते, मात्र मुठीत घेऊन बघा, नुसती भुकटी निघाली तर परत पाठवा.

लोखंड काट्यावर मोजूनच घ्या, नगावर नाही. सळईचं मीटरमागे वजन काढायचं सूत्र सोपं आहे: मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग भागिले १६२. ४० फुटी ८ मिलिमीटरची सळई पावणेपाच किलोच्या आसपास, १० ची साडेसात किलोच्या आसपास आणि १२ ची साडेदहा किलोपेक्षा थोडी जास्त भरली पाहिजे. काट्यावर फार कमी भरली तर तुम्ही १० समजून बारीक सळई घेताय. आपल्या भागात ५००-डी प्रतीचं लोखंड मागा. ते तुटण्याआधी जास्त ताणलं जातं, आणि भूकंपात तेच कामाला येतं.

पुढे कधी स्लॅब कराल तेव्हा जाडी कागदावर लिहून घ्या. पाचऐवजी चार इंच ओतला तर ७५९ चौरस फुटांवर ६३ घनफूट काँक्रीट, म्हणजे चौदा गोण्या सिमेंट वाचतं, आणि वरून बघून कोणालाही ते कळत नाही. ओतण्याआधी सेंट्रिंगवर सळया बांधल्या की फोटो काढा आणि कव्हर ब्लॉक लावलेत का ते बघा. ओतल्यानंतर आळं करून निदान दहा दिवस, उन्हाळ्यात चौदा दिवस पाणी भरून ठेवा. दोन इंच पाण्याला एका वेळी साधारण ३,६०० लिटर लागतात आणि ते रोज उडतं. ज्या जिल्ह्याला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे एप्रिल-मेच्या अंदाजपत्रकात टँकरची ओळ असलीच पाहिजे. पत्र्याच्या कामात हा खर्च पट्ट्यापुरताच राहतो, हाही पत्र्याच्या बाजूने एक मुद्दा.

वेळेचं म्हणाल तर ऊसतोडीला गेलेली माणसं मार्च-एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा मजूर सहज मिळतात, पण नेमका तेव्हाच गावात सगळ्यांना बांधकाम काढायचं असतं आणि सेंट्रिंगच्या प्लेटा मिळत नाहीत. माळवद उतरवल्यानंतर घर उघडं राहतं आणि अवकाळी पाऊस विचारून येत नाही. म्हणून सांगाडा फॅब्रिकेटरकडे तयार होऊन, पत्रे दारात येऊन पडल्यावरच माळवदाला हात लावा. भिंतीचे माथे झाकायला मोठी ताडपत्री आधीच आणून ठेवा. मातीची भिंत वरून भिजली की तिचा जोर जातो.

आता तिन्ही मिस्त्रींकडे परत जा आणि तिघांना एकच कागद द्या: माळवद उतरवून माती बाहेर नेणे, भिंतीच्या माथ्याची दुरुस्ती, सहा इंची पट्टा चार सळयांसह, सांगाडा किती किलो, पत्रा किती जाडीचा आणि किती नग, सीलिंग, पन्हळ, आणि राडारोडा उचलणे. प्रत्येक ओळीपुढे वेगळा आकडा लिहून मागा. माल तुमचा की त्यांचा हेही लिहा. मी बहुधा माल मालकाने घ्यावा आणि मजुरी ठरवून द्यावी असं सांगतो. पण तुम्ही पुण्यात नोकरीला असाल आणि गावात लक्ष द्यायला कोणी नसेल, तर मालासह ठेका द्या. पैसे मात्र टप्प्याने द्या. सुरुवातीला फक्त पत्रे आणि लोखंडाचे, तेही थेट दुकानदाराला. मग पट्टा ओतून सात दिवस झाल्यावर, मग सांगाडा बसल्यावर, मग पत्रे बसल्यावर. शेवटचे दहा टक्के पहिला मोठा पाऊस होऊन घर कोरडं राहिल्यावर, आणि हे कामाआधीच सांगून ठेवा म्हणजे नंतर वाद होत नाही.

भिंतींचे आतून-बाहेरून फोटो, खांबावर तुळई कशी टेकली आहे त्याचा जवळून एक फोटो आणि मुरूम किती खोल आहे एवढं कळवलंत तर सांगाड्याचं वजन आणि पट्ट्याचं लोखंड मी तुम्हाला नेमकं काढून देईन.